आबांनी पारखलेली बंदूक

तेव्हा त्या घरात आम्ही चौघं होतो. माझे वडील शंकर, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आई हौसाबाई. मी शालन, पंधरा सरून सोळावं लागलेली. आणि धाकटी बहीण सुमन, तिचे दुधाचे दात पडत होते. पाचवा माणूस घरातला नव्हता पण घरातल्यासारखाच, झाडीपलीकडचा स्टेफान. युक्रेनी म्हातारा, बायको मेलेली, एकटाच राहायचा, रानात सापळे लावून कातडी विकायचा. आई त्याला भावजी म्हणायची. त्याला त्याचा अर्थ कळायचा नाही, पण हाक मारली की यायचा. आबांचं आणि माझं त्याच्याशी बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. आता ह्यातली मी आणि सुमन दोघीच उरलोय. सुमन लांब किचनर शहरात लेकाकडं असते. तिला त्या हिवाळ्याचं काही आठवत नाही, का ती आठवू देत नाही, देव जाणे. म्हणून मीच लिहिते. माझं शिकणं गावाकडं सातवीपर्यंत झालं, कोल्हापूरच्या बाजूला. इकडं आल्यावर शाळेचं तोंड बघितलं नाही. अक्षर वाकडं आहे, ते चालवून घ्या.

घर म्हणजे लाकडाच्या दोन खोल्या. एडमंटन शहराच्या वर उत्तरेला, गाडीनं दिवसभराचा रस्ता, तिथं लाकूड कापायची मिल होती. आबा गावाकडं साखर कारखान्यात फिटर होते, त्यांना लांबच्या नात्यातल्या एकानं इकडं आणलं. मिलचा भोंगा वाजला की आमचा दिवस उजाडायचा, सूर्य निघो न निघो. लोखंडी शेगडी सदा पेटलेली. तिच्यावर एका बाजूला पाण्याचं भगुणं, एका बाजूला बटाटे, आणि मागच्या कठड्यावर आईची खोबरेल तेलाची बाटली. ती बाटली तिथनं हलवायची नाही असा दंडक होता, कारण जरा लांब ठेवली की तेल पांढरं दगड व्हायचं. आई ओटाच्या पिठाच्या भाकऱ्या थापायची. त्या थापता थापता फुटायच्या आणि ती रोज म्हणायची, "हे पीठ न्हाई, हा भुसा हाय. ह्यांच्या मिलमधनंच आणलेला." गावाकडनं आणलेला कांदा-लसूण मसाला एका डब्यात होता, तो ती चमच्याच्या टोकानं वापरायची. डबा उघडला की सुमन नुसता वास घ्यायला जवळ जायची.

त्या वर्षी करवतीनं आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं. आबा घरी चालत आले, हात फडक्यात गुंडाळलेला, आणि आईला म्हणाले, "जेवायला वाढ, मग सांगतो." हात बरा होतोय तोवर मिलच बंद पडली. भोंगा थांबला. माणसं एकेक करून एडमंटनला गेली. आम्ही कुठं जाणार? घर मिलनं दिलेलं, वसंतात परत सुरू होईल म्हणत होते, तोवर राहा म्हणाले. कणीक होती, डाळ होती, बटाटे होते. कालवण नव्हतं. आणि सुमनचा खोकला जात नव्हता. नर्सबाई येऊन बघून गेली, म्हणाली हिला मांस द्या, अंडी द्या, पोरगी नुसती पिठावर आहे.

मग बंदुकीचा विषय निघाला. स्टेफान म्हणाला, "शंकर, रानात जेवण फिरतंय. पण ह्या वर्षी ससे कमी. काही वर्षांनी असं होतं, ससे मरतात, सगळे मरतात. मागच्या वर्षी दगड मारला तरी ससा मिळायचा. आता जो दिसेल तो एकच. तो चुकला की घरी जा."

आई शेगडीपाशी होती. ती म्हणाली, "ह्यांच्या हाताला बोटं न्हाईत, बंदूक काय दातानं उडवणार?"

आबा म्हणाले, "माझी बोटं गेल्यात, डोळा न्हाई गेला. यंत्र पारखायला डोळा लागतो."

आबांचं बरोबर होतं आणि त्यातच सगळं आलं.

दुकान एकच होतं. कुऱ्हाडी, कंदील, बूट, साखर, सगळं तिथंच. भिंतीला ट्वेंटी-टूच्या तीन बंदुका होत्या. ट्वेंटी-टू म्हणजे बारक्या गोळीची बंदूक. शिकारीच्या मोठ्या बंदुकीनं ससा मारला तर हातात नुसती कानं येतात, म्हणून बारक्या जनावराला ही. तिच्या काडतुसाच्या बुडाच्या काठावर ठोका बसला की ती पेटते, मधे नाही, काठावर. हे स्टेफाननं मला काडतूस उलटं धरून दाखवलं होतं. तेव्हा आजच्यासारखं लायसन, कोर्स, कुलपाचं कपाट असलं काही नव्हतं. पटली की घ्यायची.

पहिली बंदूक चकचकीत होती, चाप ओढत राहिलं की एकामागनं एक गोळी आपसूक सुटायची. आबांना ती लगेच आवडली. यंत्र आवडलं त्यांना, हातात फिरवून फिरवून बघत होते. दुसरी खालची कडी ओढून भरायची. तिसरी जुनी, कुणीतरी विकून गेलेली, दस्त्यावर ओरखडे, नळी जाड आणि जड, एकेक गोळी बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती खिट्टी, ओढून हातानं भरायची. तिच्यावर दुर्बीण नव्हती, मागं एक बारीक भोक होतं त्यातनं बघायचं.

"ही म्हातारी कशाला?" आबा म्हणाले. "ती पयली घेऊ. एक चुकली तर दुसरी हाय."

स्टेफान म्हणाला, "ससा दुसरीसाठी थांबत नाही." मग तो दुकानदाराला म्हणाला, "मी ह्याचा जामीन. तिन्ही दे, मागं खडीच्या खाणीत उडवून बघतो. कागदावर. मग घेईल."

दुकानदार मला बघून म्हणाला, "पोरीला पण नेताय?"

"पोरगीच उडवणार," आबा म्हणाले. हे मला तिथंच कळलं. आईला तर घरी गेल्यावर कळलं.

खाणीत स्टेफाननं खोक्यांवर कागद लावले, मधे कोळशानं ठिपका काढला. मला आडवं पालथं झोपवलं, नळीखाली वाळूची पिशवी दिली. म्हणाला, आता तू कोण आहेस ते महत्त्वाचं नाही, बंदूक कोण आहे ते बघायचंय, म्हणून अंग सैल सोड, श्वास सोड, अर्धा सुटला की थांब आणि बोट दाब. ओढू नको, दाब. पिठात बोट दाबून बघतो ना, मळून झालं का, तसं. हे पिठाचं त्यानं नाही सांगितलं, हे मीच माझ्यासाठी केलं. पहिल्या चकचकीत बंदुकीच्या गोळ्या कागदावर अशा पडल्या, जशा कोंबड्यांना जोंधळे फेकावेत. दुसरीच्या थोड्या जवळ, पण सगळ्या एका अंगाला. तिसरीच्या गोळ्या ठिपक्याच्या जरा वर पडल्या, पण एकीला एक चिकटून. रुपयाचं नाणं ठेवलं असतं तर सगळी भोकं झाकली असती.

आबांनी कागद उजेडाकडं धरला. ते म्हणाले, "पण ठिपक्यात एक बी न्हाई."

स्टेफान म्हणाला, "ठिपका मी मागच्या भोकाचा स्क्रू फिरवून आणून देतो. वर जाते तर खाली आणता येईल. विखुरली तर कशानं आणशील? नेम म्हणजे मधोमध लागणं नाही, दरवेळी एकाच जागी लागणं."

आबांना हे पटलं. कारखान्यातही ते हेच सांगायचे, मशीन चुकतं ते चालेल, दर वेळी सारखं चुकलं पाहिजे. मग स्टेफाननं गोळ्यांची वेगवेगळी खोकी मागितली. तीच बंदूक, तीच वाळूची पिशवी, तीच मी. जोरदार गोळ्या सुटताना चाबकासारखा आवाज व्हायचा आणि त्या पसरायच्या. सावकाश जाणाऱ्या गोळ्यांचा आवाज लाकडावर फळी आपटल्यासारखा, आणि त्या परत एका जागी. स्टेफान म्हणाला, प्रत्येक बंदुकीला आपली गोळी असते, दुसरी तिला पचत नाही. आबांनी ती म्हातारीच घेतली. घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं.

आई म्हणाली, "म्हंजे तुमच्यागतच. सगळं खाता, पण ज्वारीशिवाय गुण न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि हिला बंदूक देताय व्हय? उद्या हिचं लगीन करायचं तर पोराला काय सांगू, पोरगी सैपाक करत न्हाई, नेम धरती?"

"सांग, उपाशी न्हाई ठेवायची," आबा म्हणाले.

दस्ता माझ्या हाताला लांब होता. गालाला लावला की बोट चापापर्यंत पोचेना. आबांनी एका दुपारी तो शेगडीपुढं बसून कापला, तीन बोटांच्या हातानं करवत धरून, माझ्या कोपरापासनं बोटाच्या पेरापर्यंतचं माप दोरीनं घेऊन. कापलेली चकती सुमननं बाहुलीचा पाट म्हणून घेतली. मग रोज दुपारी मी घरामागं कागदावर चालवायची. स्टेफाननं दोन गोष्टी माझ्या डोक्यात ठोकून बसवल्या. एक, भरलेली बंदूक घरात आणायची नाही. दुसरी, चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर नळी समोर जमिनीकडं धरून तसंच उभं राहायचं, एक अख्खी प्रार्थना होईस्तोवर. गोळी कधी कधी उशिरा सुटते. तो त्याची प्रार्थना म्हणायचा. मला त्याची येत नव्हती, मी मनात आरती म्हणायची.

आमच्या बेसमेंटमध्ये आता सांगलीची एक पोरगी भाड्यानं राहते, प्राजक्ता. कॉलेज करते, ग्रोसरीच्या दुकानात शिफ्ट करते, पीआरसाठी, म्हणजे इथं कायमचं राहायला, अप्लाय केलंय. तिला मैत्रिणींनी नेमबाजीच्या रेंजवर नेलं, तिथं तिला कागदावर नेम धरायचा नाद लागला. परवा वर येऊन म्हणाली, "आजी, मी पण लायसन काढणारेय. पहिली कुठली घेऊ? सगळे म्हणतात स्कोप मोठा घे." मी म्हटलं, स्कोप, ती दुर्बीण, मागनं. आधी उडवून बघ, वेगवेगळ्या गोळ्या घालून बघ, आणि कागद जपून ठेव. तिनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" त्यावरनं हे लिहायला बसले. तिला मी अर्धंच सांगितलं होतं.

त्या वर्षी नवरात्र आलं. बाहेर पॉपलरची पानं पिवळी होऊन गळत होती, झेंडूच्या जागी आईनं तीच घेतली, आपट्याच्या जागीही तीच. खंडेनवमीला तिनं पाटावर सगळी हत्यारं मांडली. आबांचे पाने, पकड, विळी, कुऱ्हाड, करवत, आणि मधोमध बंदूक. हळदकुंकू लावलं, पानं वाहिली. मग शेगडीवरची बाटली घेतली आणि बोटानं खोबरेल तेल बंदुकीला लावलं. नळीला, बोल्टला, चापाच्या खाचेत थेंब थेंब सोडलं. तिच्या माहेरी तलवार होती, दर खंडेनवमीला तिला खोबरेल तेल लावायचे, म्हणून ती कधी गंजली नाही असं ती सांगायची. ते तेल तिचं डोक्याचं होतं. एडमंटनहून परत कधी मिळेल ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासनं तिनं केसांना पाणी लावलं.

आबा म्हणाले, "बेस केलंस. यंत्राला तेल पायजेच." कारखान्यात दसऱ्याला ते स्वतः प्रत्येक मशीनला तेल द्यायचे. दोघांचंही चुकलं नाही, त्यांच्या मुलखात ते बरोबरच होतं.

स्टेफान तेव्हा लांबच्या सापळ्यांवर गेला होता, महिनाभर यायचा नव्हता. मी एकटीच रानात जाऊ लागले, कधी आबा संगतीला. मला ससा क्वचित मिळायचा. रानकोंबडी मिळायची, ती फांदीवर बसून मान वाकडी करून बघत राहते, तिच्या मानेवर नेम धरायचा. पण बोल्ट जड जायला लागला होता. मी आबांना सांगितलं. आबांनी बंदूक शेगडीपाशी आणून बोल्ट मागंपुढं केला, सरकन गेला. "झालं की मोकळं," म्हणाले, आणि आईकडनं अजून थोडं तेल घेऊन सोडलं. परत बाहेर नेली की जड. परत आत आणली की मऊ, परत थोडं तेल. कठड्यावरची बाटली आम्ही रोज बघत होतो. जागची हलली की तेल पांढरं होतं, हे सुमनलासुद्धा ठाऊक होतं. पण बाटली ती बाटली आणि बंदूक ती बंदूक. कुणाच्या मनात ते एकाला एक लागलं नाही.

मग खरी थंडी पडली. नाकातले केस काड्यांसारखे टोचायचे. नदीचा बर्फ दिवसाढवळ्या मोठ्यानं तडकायचा, सुमन दचकून आईच्या पदरात शिरायची. बरेच दिवस काही मिळालं नव्हतं, सुमनच्या खोकल्यात रक्ताची रेघ दिसली होती. त्या सकाळी आबा म्हणाले, चल शाले, मी बी येतो, येताना सरपण आणू. त्यांनी बर्फावर ओढायची लाकडी घसरगाडी घेतली, दोर खांद्याला लावला. वाटेत म्हणाले, "आज ससा घावला तर तुझ्या आईला सांगायचं, डबा उघड, चमच्याचं टोक न्हाई, अख्खा चमचा."

ससा होता. पांढऱ्यात पांढरा, नुसता डोळा काळा आणि कानाची टोकं. मी गुडघा टेकला, श्वास अर्धा सोडला, बोट दाबलं. काही नाही. ठोक्याचा आवाजसुद्धा नाही. ससा तसाच बसलेला. मी नळी बर्फाकडं केली, उठून उभी राहिले आणि आरती सुरू केली. आबा मागं होते. मी म्हटलं, "आबा थांबा, उशिरा सुटंल." ते म्हणाले, "काय सुटतंय, अडकलंय ते. दे इकडं, जाईल तो." ते पुढं आले. मी दुसऱ्या कडव्यावर होते. त्यांनी डाव्या हातानं नळी धरून बंदूक माझ्या हातातनं ओढून घेतली, दस्ता वर करून, आणि तीन बोटांच्या हातानं बोल्टवर एक थापटी मारली. अडलेल्या यंत्राला ते अशीच थापटी मारायचे. जन्मभर मारत आले.

आवाज लहानच झाला, लाकडावर फळी आपटल्यासारखा. ससा गेला. आबा म्हणाले, "सुटली की." मग खाली बघितलं. डाव्या मांडीला, वर, जांघेपाशी, विजारीला भोक होतं, नखाएवढं. मग रक्त आलं, ते थांबेना. मी शालीनं बांधलं, वर गुडघा दाबून धरला, जसं स्टेफाननं सापळ्यात पाय गेला तर काय करायचं ते सांगितलं होतं. पण ते जांघेच्या इतकं जवळ होतं की दोर आवळायला वर जागाच नव्हती. मी त्यांना घसरगाडीवर घातलं आणि ओढायला लागले. त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. काही अंतर ते बोलत होते. थंडी वाजते म्हणाले. सुमनला डॉक्टरकडं ने म्हणाले. मग म्हणाले, "बोल्ट उघड. गोळी ऱ्हायली असंल तर काढ. घरात भरलेली न्यायची न्हाई." मी थांबून बोल्ट उघडला, दोन्ही हात लावून उघडावा लागला. नुसतं रिकामं टरफल पडलं. मी म्हटलं, रिकामी आहे आबा. त्यांनी ऐकलं का नाही, मला सांगता येत नाही. कुंपणाचे खांब दिसायला लागले तेव्हा ते गेलेले होते. मी ओढत राहिले. तिथं सोडून काय करणार होते?

आई दारात होती. आवाज ऐकून ती ससा मिळाला म्हणून पाणी उकळायला ठेवून बाहेर आली होती.

दुकानदारानं पोलिसाला कळवलं. तो दुसऱ्या दिवशी आला, तरणा होता, बूट बाहेर काढून आत आला. त्यानं शेगडीपाशी बसून बंदूक बघितली, बोल्ट ओढला, चाप ओढला, सगळं मोकळं. अपघात, म्हणाला, लिहून घेतलं आणि आईपुढं मान वाकवून गेला. स्टेफान सापळ्यांवरनं परतीच्या वाटेवरच होता, त्याला निरोप गेला, तो त्याच संध्याकाळी आला. जमीन फोडता येत नव्हती, आणि आईला ती फोडायचीही नव्हती. मिलचे जे चारसहा लोक उरले होते त्यांनी मिलमधली फळकुटं नदीकाठच्या खडीवर आणून रचली. कुणी काही विचारलं नाही. मुलगा नव्हता, अग्नी मी दिला. चांगलं सुकं लाकूड होतं. आबांनीच कापलेलं असणार त्यातलं काही.

स्टेफानला मात्र ते मोकळेपण पटेना. त्यानं बंदूक लाकडाच्या शेडमध्ये नेऊन ठेवली, थंडीत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावून तिथंच तिचा दस्ता सोडवला. चापाच्या आत सगळं पांढरं भरलं होतं, मेणासारखं, आणि मधे मधे लाल, कुंकवाचं. त्यानं चाप दाबून दाखवला. आतली कळ अर्धी उतरली आणि त्या पांढऱ्यात रुतून बसली. त्यानं बोटानं टिचकी मारली. टक्. सुटली. तो मला म्हणाला, "कोणी घातलं हे?" मी काही बोलायच्या आत मागनं आई आली होती. तिनं नखानं ते पांढरं उकरलं, नाकाशी नेलं.

"माझं डोस्क्याचं तेल," ती म्हणाली. एवढंच. स्टेफानला मराठी येत नव्हती, पण त्यानं टोपी काढली.

त्यानंतर आई बोलेना. सुमनला भरवायची, स्वतः जेवायची नाही. बाटली कठड्यावर तशीच होती, ती तिनं हलवली नाही, तिच्याकडं बघितलंही नाही. एका सकाळी मी उठले तर ती कोट घालून दारात, हातात बंदूक, दुसऱ्या हातात पाण्यासाठी बर्फ फोडायची कुऱ्हाड. मी विचारलं कुठं. "नदीत टाकून येते." मी तिच्या मागनं गेले. तिनं पाण्याचं भोक कुऱ्हाडीनं मोठं केलं. मी काठावर उभी होते. मला रडू येत नव्हतं, मला भूक लागली होती. ती खरी गोष्ट आहे, म्हणून लिहिते.

मी म्हटलं, "आई, टाकलीस तर सुमनला काय घालायचं?"

"माणूस खाल्लं हिनं."

"हिनं न्हाई खाल्लं. सुमनच्या तोंडातनं रगत येतंय. ससा एक दिसला तर मी काय दगड मारू त्याला?"

ती म्हणाली, "तुला हात लावू वाटतोय व्हय हिला?"

मी म्हटलं, "न्हाई वाटत."

 भोकावर परत पापुद्रा धरत होता. मग आईनं बंदूक माझ्याकडं न देता बर्फावर आडवी ठेवली आणि पाण्याची बादली भरून घराकडं चालू लागली. मला म्हणाली, "घरात आणायची न्हाई." मी उचलली आणि शेडमध्ये ठेवली. स्टेफाननं सगळे भाग पेट्रोलमध्ये धुतले, फडक्यानं कोरडे केले, आणि आत तेलाऐवजी पेन्सिलीचं शिसं घासलं. मग आम्ही दोघं खाणीत गेलो. कागद लावला, वाळूची पिशवी ठेवली, मी पालथी झोपले.  मग उडवल्या. सगळ्या एका जागी, एकीला एक चिकटून. मला वाटलं होतं काहीतरी बिघडलं असेल तिचं. काही बिघडलं नव्हतं. मला त्याचा राग आला, कागद मी तिथंच फाडला.

पुढं एका दिवशी रानकोंबडी मिळाली. मी ती दारात ठेवली आणि बंदूक शेडमध्ये ठेवून हात धुवायला गेले. आत आले तर आई तिची पिसं काढत बसली होती, पाय पसरून, पातेलं मांडीशी. तिनं कांदा चिरला, शेगडीवर टाकला, आणि डबा उघडला. चमच्याचं टोक घेतलं, थांबली, मग अख्खा चमचा घातला. आबांनी रानात काय म्हटलं होतं ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. वासानं सुमन उठून बसली. आईनं पहिला घास भाकरीवर ठेवून बाहेर नेला आणि लाकडाच्या ढिगावर ठेवला. इकडचा कावळा मोठा असतो, डोमकावळा. तो लगेच आला नाही. आई थंडीत नुसत्या लुगड्यावर उभी राहिली. कावळा येऊन घास घेऊन गेला तेव्हा ती आत आली, आमची दोघींची ताटं वाढली, मग तिसरं वाढलं आणि जेवायला बसली. अर्धी भाकरी संपल्यावर तिनं मला विचारलं, "उद्या जाणार?"

"हो."

"लई लांब जाऊ नगं. आणि शाली दोन घे."

त्या हिवाळ्यात सुमन जगली. वसंतात मिल सुरू झाली नाही, आम्ही एडमंटनला आलो, आईनं पंचवीसेक वर्षं दुसऱ्यांच्या इमारती झाडल्या, मीही झाडल्या. खंडेनवमीला ती विळी, सुरी, झाडू पाटावर मांडायची, पान वाहायची, कुंकू लावायची. त्या पाटावर बंदूक कधी आली नाही. ती मी आजवर ठेवली, आता कायद्याप्रमाणं कुलपात, माझं लायसन आहे. लेक म्हणतो, मॉम, गिव्ह इट टू द पोलीस. नातू म्हणतो, कूल आहे, भिंतीला लावू, खाली आजीच्या वडिलांचं नाव लिहू.

माझे डोळे आता अधू झाले. हे वाचणाऱ्यांपैकी ज्याच्याकडं लायसन असेल आणि ज्याला खायला मारायचं असेल, नाहीतर नुसतं कागदावर शिकायचं असेल, त्यानं माझ्या माघारी ती घेऊन जावी आणि वापरावी. भिंतीला टांगायला कुणी मागू नये.